एकवीस दिवस पानी

मार्च एंडिंगचा रोड आमचा.
निधी परत जाईन म्हनून ठेकेदारानं
एका रातीत ओतला,
ग्रामपंचायतीपासून तं खालच्या पुऱ्यालोक,
अन् दोन टोकाले दोन रिकामे ड्रम उभे केले.
मले म्हने, पंचफुला,
एकवीस दिवस पानी मार, आटू देऊ नको.
दोनशे रुपये रोज.

मातीचे वाफे बांधले मी सिमेटावर,
कांद्याले बांधते तसेच.
पानी भरलं की पोट्टे येत, बकऱ्या येत,
अन् चौथ्या दिवशी डेहनकराची बुढी आली
खुर्ची घासत, पाय बुडवाले.
"गाडी नाई येत ना वं?"
नाई येत, माय.
बराच वेळ पाय हालवत बसली.
मंग म्हने,
"इतले वर्सं मी भितीले चिपकून काहून चालत होती?"

मंग बाजा निंगाल्या.
बाजेचे पाय पान्यात, वर कुरडया,
मुंगी चढाची टाप नाई.
हे अक्कल कोनाची होती, त्यावरून
दोन घरांत अजून भांडन हाये.
रज्जाकनं शिलाई मशीन दाराबाहेर काढली.
म्हने, उजेड फुकट हाये.
वरच्या आळीच्या बाया खाली येत नाईत,
खालच्या वर जातात कामापुरत्या,
पन आठ ते चार ऊन मधातच पडे, पारापाशी,
अन् कुरडईले ऊन पाहिजे.
कोनी कोनाले बोलावलं नाई.
ताटं तेवढे जवळ जवळ सरकत गेले.

अकराव्या दिवशी एक वाफा फुटला
अन् माती वाहून गेली तं खाली
पट दिसला.
अष्टाचंग्याचा. पाच बाय पाच.
वल्ल्या सिमेटात कोरलेला, रेघ ना रेघ सरळ,
पाच घरांत पाच फुल्या.
साहेब आले, बूट टेकवून पाह्यलं.
"कोनं केलं हे?"
सारं गाव आभाळाकडे पाहे.
बुढी म्हने, साहेब, चिंचोके हायेत का तुमच्याजोळ?

रातचे दहा दहा वाजत.
बांगडीचे तुकडे, तुरीचे दाने, खडे,
रज्जाकच्या दोन बटना.
आत्रामचा मुका पोरगा अशी गोटी मारे
की पोलीस पाटील उठून जाये, अन्
लघवी करून परत येये.

बाविसाव्या दिवशी ड्रम उचलले.
ट्रॅक्टर धावले, फटफट्या धावल्या,
बाजा घरात गेल्या.
मी म्हटलं, झालं.
संध्याकाळी घाटंजीचा ऑटो आला, भरलेला,
पोंगा वाजवे, वाजवे.
रोडाच्या मधात चार डोके खाली वाकलेले.
"हटा ना बे!"
"थांब, चंग पडू दे."
गजू उतरला शिव्या देत.
उभा राह्यला.
बसला.
"अबे ते काळी मार, काळी!"
मागच्या सीटवरची पाहुनी हातात कोंबडा घेऊन
खाली उतरली, कोन जिंकून रायलं म्हनून.

रोज नाई होत असं.
कापसाच्या दिवसात तं कोनालेच फुरसत नसते,
अन् सरपंचाच्या जावयानं
एकदा पटावरच गाडी लावली, मुद्दाम.
पन सहा वाजता दोन्ही टोकाले
कोनीतरी एकएक पिपा ठेवते.
कोन ठेवते, विचारलं तं
सारं गाव आभाळाकडे पाहे.

ठेकेदारानं मले एकोनीसच दिवसाचे पैसे देल्ले.
दोन दिवस कापले, रेघोट्या पडल्या म्हने,
ध्यान कुठी होतं तुयं?
मी काई बोलली नाई.
वाउचरवर अंगठा देल्ला.
मले सही येत नाई, दादा.
खराट्याची काडी असली हातात
अन् सिमेट वल्लं असलं
तं पाच फुल्या येतात.

चिंचोके माह्या पदरात बांधून असतात.
पोट्ट्यांजोळ देल्ले की हरवतात.